रेणूत दडलेली साखर संगणकाकडून कशी शोधून घ्यायची

रुटिनचं चित्र समोर ठेवलं की सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेला कोणीही सांगतो, "हे क्वेर्सेटिन, त्याला ग्लुकोज आणि त्याच्या टोकाला रॅम्नोज." हेच काम लाखो रेणूंवर करायचं झालं की डोळे पुरत नाहीत. मग संगणकाला सांगायला बसावं, तर लक्षात येतं की साखर म्हणजे नेमकं काय, हे आपण कधी नियमात मांडलेलंच नाही. संगणकापुढे फक्त अणू आणि बंध असतात. त्यातलं कडं पाहून "ही साखर" म्हणायला त्याला काहीतरी मोजता यावं लागतं.

पुढचा सगळा लेख हे मोजमाप कसं ठरवायचं आणि ते कुठे फसतं याबद्दल आहे. पायथन थोडंफार येतं आणि ग्लुकोजच्या रिंगमधले कार्बन १ ते ६ असे मोजता येतात, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी ठरवा: तुम्हाला साखर कशासाठी हवी आहे?

हा प्रश्न टाळून थेट कोड लिहायला बसणाऱ्यांना पुढे सगळं दोनदा करावं लागतं. साखर शोधण्याची कारणं साधारण तीन असतात. एक, साखर काढून टाकून उरलेला गाभा, म्हणजे ॲग्लायकोन, तपासायचा असतो. दोन, ग्लायकोसाइड (साखर जोडलेले रेणू) कोणते आणि कोणते नाहीत अशी विभागणी करायची असते. तीन, कोणती साखर, कुठे आणि कशी जोडली आहे याची नोंद हवी असते.

पहिल्या कामात जास्तीची एखादी रिंग साखर ठरली तर गाभ्याचाच तुकडा कापला जातो, म्हणून नियम कडक हवेत. दुसऱ्या कामात एखादी साखर निसटली तरी शेजारची सापडली म्हणजे भागतं. तिसऱ्यात त्रिमितीय रचनेशिवाय पाऊलही पुढे पडत नाही. एकच नियम तिन्ही कामांना लावला की तिन्हीकडे थोडं थोडं चुकतं.

काही गोष्टींचा निकाल कागदावर आधीच लिहून ठेवा. रिंगमध्ये ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन असलेल्या मिग्लिटॉलसारख्या इमिनोसाखरा घ्यायच्या का? इनोसिटॉलच्या रिंगमध्ये ऑक्सिजनच नाही, सहाही कार्बन आहेत. ते घ्यायचं का? ग्लुकोनोलॅक्टोनचं काय? आमचं मत: इमिनोसाखरा आणि कार्बन-रिंगवाले रेणू वेगळ्या रकान्यात नोंदवा, साखरेत मिसळू नका. नंतर एकत्र करणं सोपं असतं, वेगळं करणं नाही.

साधनं

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी पायथन आणि आरडीकिट (रेणू हाताळणारी लायब्ररी) ही जोडी पुरेशी आहे. दोन्ही मुक्त-स्रोत आहेत आणि आरडीकिट "पिप"ने थेट बसवता येतं. जावा जवळचं वाटत असेल तर केमिस्ट्री डेव्हलपमेंट किट घ्या. याच किटवर उभी असलेली शुगर रिमूव्हल युटिलिटी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गोल आणि सरळ अशा दोन्ही साखरा शोधण्याची व काढण्याची सोय आहे. तयार साधन वापरायचं असलं तरी आतला नियम एकदा स्वतः लिहून पाहा. तिथले पर्याय बदलताना आपण काय बदलतोय हे तेव्हाच कळतं.

रेणू स्माइल्स स्वरूपात घ्या. स्माइल्स म्हणजे रेणूची रचना एका ओळीत लिहिण्याची पद्धत, आणि स्मार्ट्स ही तिच्यावरून निघालेली शोधभाषा.

पायरी १: रेणू साफ करून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण इथला आळस थेट निकालात दिसतो. ओळ वाचल्यावर आरडीकिटने रेणूऐवजी रिकामं उत्तर दिलं, तर तो रेणू वेगळ्या यादीत टाका, गुपचूप वगळू नका. क्षार असेल तर सोडियम, क्लोराइड वगैरे काढून मोठा तुकडा ठेवा. मात्र सल्फेट किंवा फॉस्फेट साखरेला सहसंयुज बंधाने जोडलेलं असेल तर तो रेणूचाच भाग आहे, त्याला हात लावू नका. आम्लांवरचे भार शून्यावर आणा, नाहीतर ग्लुकुरॉनिक आम्ल आणि त्याचं ग्लुकुरोनेट दोन वेगळ्या साखरा म्हणून मोजले जातील.

आणखी एक: काही नोंदींमध्ये ग्लुकोज उघड्या साखळीच्या, म्हणजे अल्डिहाइडच्या रूपात लिहिलेलं असतं. रिंग शोधणारा नियम तिथे काहीच पाहणार नाही. अशा नोंदींसाठी शेवटी सरळ साखळीची पायरी ठेवली आहे.

पायरी २: उमेदवार रिंगा निवडा

रेणूतल्या सगळ्या रिंगांची यादी मागवा आणि प्रत्येकीला ही चाळणी लावा:

प्रत्येक रिंगसाठी:
— अणू ५, ६ किंवा ७ नसतील तर सोडा
— रिंगमध्ये नेमका एक ऑक्सिजन आणि बाकी सगळे कार्बन नसतील तर सोडा
— रिंगमधला एकही बंध दुहेरी किंवा ॲरोमॅटिक असेल तर सोडा
— रिंगचा दुसऱ्या रिंगशी सामाईक बंध असेल तर बाजूला ठेवा
— उरली ती उमेदवार

पाच अणूंची रिंग म्हणजे फ्युरॅनोज, सहाची पायरॅनोज, सातची सेप्टॅनोज. शेवटची दुर्मीळ असते, पण नियमात ठेवायला काही खर्च येत नाही.

या चाळणीत पुष्कळ गोंधळ आपोआप गळतो. क्वेर्सेटिनच्या मधल्या रिंगमध्ये एक ऑक्सिजन आहे, पण दुहेरी बंधही आहे. कॅटेचिनची मधली रिंग बेंझिनला जोडून आहे. जीवनसत्त्व क ग्लुकोजपासून तयार होतं खरं, पण त्याच्या पाच अणूंच्या रिंगमध्ये दुहेरी बंध असल्याने ते इथेच बाहेर पडतं.

चौथी अट मात्र दिसते तितकी साधी नाही. तिच्याकडे पायरी ४ मध्ये परत येऊ.

पायरी ३: रिंगबाहेरचे ऑक्सिजन मोजा

एक ऑक्सिजन असलेली साधी संपृक्त रिंग म्हणजे साखर नव्हे. टेट्राहायड्रोपायरॅनही तशीच असते. साखरेची ओळख म्हणजे तिच्या अंगावरचे हायड्रॉक्सिल. म्हणून रिंगच्या अणूंना एकेरी बंधाने थेट जोडलेले बाहेरचे ऑक्सिजन मोजा आणि त्या संख्येला रिंगमधल्या एकूण अणूंनी भागा. हे गुणोत्तर ०.५ किंवा जास्त असेल तर साखर, असा नियम शुगर रिमूव्हल युटिलिटीतही मूळ मांडणीत ठेवलेला आहे. सहाच्या रिंगला किमान ३ ऑक्सिजन लागतात. पाचच्या रिंगला २.५, म्हणजे व्यवहारात तिलाही ३ लागतात.

कोड लिहिण्याआधी हे हाताने मोजून पाहा. ग्लुकोजमध्ये कार्बन १, २, ३ आणि ४ वर एकेक ऑक्सिजन. कार्बन-५ ला जोडलेला आहे तो कार्बन-६, आणि त्याचा ऑक्सिजन रिंगपासून एक घर लांब असल्यामुळे मोजणीत येत नाही. चार भागिले सहा, ०.६७. साखर बिनतोड ठरली. रॅम्नोज आणि झायलोजचंही तेवढंच येतं. सुक्रोजमधल्या फ्रुक्टोजच्या पाच अणूंच्या रिंगमध्ये कार्बन २, ३ आणि ४ वर ऑक्सिजन: तीन भागिले पाच, ०.६. डिगॉक्सिनमधल्या डिजिटॉक्सोजला कार्बन-२ वर हायड्रॉक्सिल नाही, तरी १, ३ आणि ४ धरून ते बरोबर ०.५ वर काठावर पास होतं. डॅपाग्लिफ्लोझिनमध्ये कार्बन-१ थेट बेंझिनला जोडलेला आहे, म्हणजे तिथला ऑक्सिजन गेला. तिथेही ३ उरतात.

आता ॲडेनोसिन घ्या. यातली रायबोज ही जीवशास्त्रातली सगळ्यात ओळखीची साखर. कार्बन-१ वर नायट्रोजन आहे. कार्बन-२ आणि ३ वर हायड्रॉक्सिल. कार्बन-४ वर कार्बन-५ लटकलेला, त्याचा ऑक्सिजन पुन्हा एक घर लांब. दोन भागिले पाच, ०.४. नापास! डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजचं तर ०.२ येतं. म्हणजे हा नियम जसाच्या तसा चालवला तर सगळे न्यूक्लिओसाइड (ॲडेनोसिनसारखे, साखरेला नायट्रोजनवाला बेस जोडलेले रेणू) "बिनसाखरेचे" ठरतात, आणि अडचण ही की कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

एरिथ्रोमायसिन आणखी बोलकं आहे. त्याच्यावर दोन साखरा आहेत. क्लॅडिनोजवर कार्बन-१, कार्बन-३ वरचा मेथॉक्सी आणि कार्बन-४ असे तीन ऑक्सिजन, म्हणून ती सापडते. डेसोसामाइनवर कार्बन-१ आणि २ वर ऑक्सिजन, कार्बन-३ वर नायट्रोजन आणि कार्बन-४ वर काहीच नाही. ती निसटते. एकाच रेणूतली एक साखर कापली जाते आणि दुसरी गाभ्याला चिकटून राहते. नंतर "एरिथ्रोमायसिनचा ॲग्लायकोन" म्हणून जे हाती येतं ते अर्धवट असतं. डॉक्सोरुबिसिनची डॉनोसामाइन आणि सियालिक आम्लाची रिंग याच कारणाने हातून जातात: दोन ऑक्सिजन, एक नायट्रोजन.

उपाय उंबरठा खाली आणणं नव्हे. सहाच्या रिंगला २ ऑक्सिजन पुरतात असं ठरवलं तर पॉलिकेटाइड कुळातल्या (एरिथ्रोमायसिनच्या गाभ्यासारख्या नैसर्गिक पदार्थांतल्या) कितीतरी रिंगा साखर बनून बसतात. त्याऐवजी मोजणीत नायट्रोजनही घ्या आणि अट अशी ठेवा: ऑक्सिजन व नायट्रोजन मिळून किमान ३, त्यात ऑक्सिजन किमान २. एवढ्याने ॲडेनोसिन, डेसोसामाइन, डॉनोसामाइन आणि सियालिक आम्ल सगळे आत येतात. सिनिग्रिनमध्ये कार्बन-१ वर गंधक आहे, पण कार्बन २, ३ आणि ४ वरचे तीन ऑक्सिजन पुरेसे पडतात. त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

तरीही जे बाहेर राहतात त्यांच्यासाठी दोन खास नमुने लिहा.

पहिला न्यूक्लिओसाइडचा. पाच अणूंची रिंग, रिंगमधल्या ऑक्सिजनच्या एका बाजूच्या कार्बनवर ॲरोमॅटिक नायट्रोजन, आणि दुसऱ्या बाजूच्या कार्बनवर एक कार्बन ज्याला ऑक्सिजन जोडलेला आहे. थायमिडिन आणि सोफोसबुव्हिर यात सापडतात. झिडोव्हुडिनही सापडतं. तिथे कार्बन-३ वर अझाइड आहे, आणि त्याला साखर म्हणायचं की नाही हे पुन्हा तुमच्या पहिल्या कागदावर अवलंबून.

दुसरा ट्रायडीऑक्सी, म्हणजे तीन हायड्रॉक्सिल कमी असलेल्या साखरांचा, उदाहरणार्थ रोडिनोज. तिच्यावर फक्त २ ऑक्सिजन असतात. तिथे ॲनोमेरिक कार्बनचा, म्हणजे साखर जिथून इतरांना जोडली जाते त्या कार्बनचा, पुरावा मागावा: रिंगमधल्या ऑक्सिजनच्या एका शेजाऱ्यावर बाहेरचा ऑक्सिजन, आणि दुसऱ्या शेजाऱ्यावर मेथिल. हा नमुना मुख्य नियमात मिसळू नका. "कच्चा अंदाज" अशी खूण करून वेगळा ठेवा. कारण पुढच्या पायरीत दिसेल.

जेंटामायसिन सी-१ए मधल्या पर्पुरोसामाइनवर एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन एवढंच रिंगला थेट जोडलेलं असतं. तिच्यासाठी सर्वसाधारण नियम वाकवण्यात अर्थ नाही. तिचा नेमका नमुना ओळखीच्या साखरांच्या साच्यांच्या यादीत (पायरी ६) घालून मोकळे व्हा.

पायरी ४: जोडलेल्या रिंगांचा घोळ

"साखरेची रिंग दुसऱ्या रिंगशी बंध वाटून घेत नाही" ही अट कॅटेचिन, पॉलिईथर वगैरेंना रोखते, म्हणून ती हवीच. पण बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन चालवून पाहा. सात ग्लुकोज एकमेकांना धरून गोल बसलेले, अख्खा रेणू साखरेचा. निकाल: शून्य साखर.

याचं कारण ती माळ स्वतःच एक प्रचंड रिंग आहे. ती प्रत्येक ग्लुकोजच्या कार्बन-१ मधून आत शिरते आणि कार्बन-४ मधून बाहेर पडते, त्यामुळे प्रत्येक पायरॅनोज "जोडलेली" ठरते. आणखी गंमत म्हणजे १ पासून ४ पर्यंत जायला दोन वाटा आहेत, एक कार्बन २ आणि ३ वरून, दुसरी रिंगमधल्या ऑक्सिजन आणि कार्बन-५ वरून, आणि दोन्ही तीन बंधांच्याच. म्हणून ३५ अणूंची ही मोठी रिंग २ चा सातवा घात, म्हणजे १२८ वेगवेगळ्या पद्धतींनी काढता येते. सर्वांत लहान रिंगांचा संच काढणारा कोणताही प्रोग्राम त्यातली कोणती निवडेल हे अणूंच्या क्रमावर ठरू शकतं. तुमचा नियम मोठ्या रिंगांवर विसंबून असेल तर त्याच रेणूचं उत्तर स्माइल्स वेगळ्या क्रमाने लिहिल्यावर बदलू शकतं.

म्हणून अट बदला: सामाईक बंध मोजताना फक्त ७ अणूंपर्यंतच्या रिंगा धरा, मोठ्यांकडे दुर्लक्ष करा. सायक्लोडेक्स्ट्रिनचे सातही ग्लुकोज सापडतील. एलाजिटॅनिनही सुटतील. तिथे हेक्साहायड्रॉक्सीडायफेनॉइल गट ग्लुकोजच्या दोन ऑक्सिजनांना पुलासारखा जोडलेला असतो आणि १० किंवा ११ अणूंची रिंग बनते.

पण या सवलतीचीही किंमत आहे. ॲम्फोटेरिसिन बीमध्ये मायकोसामाइन ही खरी साखर आहे आणि ती नेहमीच्या नियमात सापडते. त्याच रेणूच्या मोठ्या लॅक्टोनमध्ये एक सहा अणूंची हेमिकीटल रिंगही आहे: एक ऑक्सिजन रिंगमध्ये, दोन हायड्रॉक्सिल थेट अंगावर, त्यातला एक ॲनोमेरिक कार्बनसारख्याच जागी. पूर्वी ती मोठ्या रिंगशी जोडलेली म्हणून बाहेर राहत होती. आता दार उघडलं आहे. ऑक्सिजनची अट ३ वर असेल तोवर ती अडते, पण रोडिनोजसाठी ती २ वर आणली आणि दुसऱ्या शेजाऱ्यावर मेथिलऐवजी कोणताही कार्बन चालेल असं ठेवलं, की गाभ्याचा हा भाग साखर ठरतो. एकेक सवलत निरुपद्रवी असते, दोन एकत्र आल्या की घात करतात. नियम सैल करताना एका वेळी एकच सैल करा आणि प्रत्येक वेळी चाचणी संच पुन्हा चालवा.

लहान जोडरिंगांचे दोन प्रकार मात्र हाताळावे लागतात. लेव्होग्लुकोसानमध्ये कार्बन-१ आणि ६ ऑक्सिजनने जोडलेले असल्याने पायरॅनोजला पाच अणूंची दुसरी रिंग चिकटलेली असते. प्रयोगशाळेत संरक्षित केलेल्या साखरांवर ॲसिटोनाइडच्या रिंगा असतात. दोन्हीकडे एक खूण समान आहे: चिकटलेल्या लहान रिंगमध्ये दोन ऑक्सिजन असतात. अशा रिंगांना "संरक्षित किंवा ॲनहायड्रो" म्हणून मान्य करा. बाकी जोडलेल्या रिंगा वगळा.

पायरी ५: ॲनोमेरिक कार्बन आणि जोडणी

साखर मिळाली की तिचा कार्बन-१ (फ्रुक्टोजसारखी कीटोज असेल तर कार्बन-२) ओळखा: रिंगमधल्या ऑक्सिजनच्या दोन शेजाऱ्यांपैकी ज्याच्यावर बाहेरून ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक आहे तो. जोडणीचा प्रकार त्यावरूनच ठरतो.

दोन्ही शेजाऱ्यांवर बाहेरून फक्त कार्बन असेल तर ती सी-ग्लायकोसाइड (गाभ्याला कार्बन-कार्बन बंधाने जोडलेली साखर) असू शकते, व्हिटेक्सिनसारखी. किंवा ती साखर नसून पॉलिकेटाइडने बनवलेली हायड्रॉक्सिलवाली रिंग असू शकते. निव्वळ रिंगकडे पाहून या दोघांतला फरक कळत नाही. एका शेजाऱ्यावर हायड्रॉक्सिल असलेला एकटा कार्बन आणि दुसऱ्यावर ॲरोमॅटिक कार्बन असेल तर सी-ग्लायकोसाइड म्हणा. नाहीतर "अनिश्चित" लिहा.

पायरी ६: कोणती साखर?

ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज यांचे अणू आणि बंध तंतोतंत सारखे. फरक फक्त त्रिमितीय मांडणीत. इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक आरडीकिटमधली. उपरचना शोधताना किरॅलिटी (अणूभोवतीची डावी-उजवी मांडणी) पाहण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला नाही तर ग्लुकोजचा साचा गॅलॅक्टोजवरही बसतो आणि तुमच्या निकालात जगातली सगळी साखर ग्लुकोज असते.

दुसरी चूक "आर" आणि "एस" या किरॅलिटीच्या खुणांवर विसंबण्याची. मेथिल बीटा-डी-ग्लुकोपायरॅनोसाइडमध्ये कार्बन-१ "आर" आहे. त्याच बीटा-डी-ग्लुकोजला मेथिलऐवजी अर्ब्युटिनसारखी फिनॉलिक रिंग जोडा, तोच कार्बन "एस" होतो. अवकाशात काहीच हललेलं नाही. प्राधान्यक्रम ठरवताना मेथिलकडे जाणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा रिंगमधला ऑक्सिजन वरचढ ठरतो. पण फिनाइलचा कार्बन तीन कार्बनांना जोडलेला धरला जातो आणि कार्बन-५ फक्त दोन, म्हणून तिथे क्रम उलटतो. त्यामुळे खुणांची तुलना न करता साखरेचा साचा किरॅलिटीसह रेणूवर बसवून पाहा.

तिसरी चूक साच्यांच्या क्रमाची. डी-झायलोज आणि डी-ग्लुकोज यांची कार्बन २ ते ४ वरची मांडणी एकच आहे. झायलोजच्या साच्यात कार्बन-६ नसतो, म्हणून तो ग्लुकोजवर आरामात बसतो. ग्लुकोजचा साचा ग्लुकुरॉनिक आम्लावर बसतो, कारण कार्बॉक्सिलमध्येही एक ऑक्सिजन एकेरी बंधाने जोडलेला आहेच. म्हणून साचे मोठ्याकडून लहानाकडे चालवा आणि पहिला बसेल तो घ्या. त्याहून बरं म्हणजे झायलोजच्या कार्बन-५ वर आणि ग्लुकोजच्या कार्बन-६ वर दोन हायड्रोजन असलेच पाहिजेत अशी अट स्मार्ट्समध्येच घाला.

साच्यातल्या ऑक्सिजनांवर हायड्रोजनची सक्ती करू नका, नाहीतर ॲसिटिल लावलेली साखर ओळखूच येणार नाही. स्माइल्सवरून बनवलेला साचा ही सक्ती करत नाही. स्मार्ट्स हाताने लिहिताना ती नकळत शिरते.

नोंदीत त्रिमितीय माहितीच नसेल, आणि नैसर्गिक पदार्थांच्या संग्रहांत हे वरचेवर होतं, तर नाव देऊ नका. "हेक्सोज", "डीऑक्सिहेक्सोज", "पेंटोज" एवढंच लिहा. अंदाजाने ग्लुकोज लिहिलेलं पुढे कोणीतरी सत्य समजून वापरतं.

पायरी ७: कापणे

काढायचं असेल तर ग्लायकोसाइड बंध जलअपघटनात तुटतो तसाच तोडा: कार्बन-१ आणि त्याच्या बाहेरच्या ऑक्सिजनमधला बंध. तो ऑक्सिजन गाभ्याकडे राहतो आणि हायड्रॉक्सिल बनतो. साखरेच्या बाजूला नवा हायड्रॉक्सिल लावा.

आधी टोकाच्या साखरा काढा. जी काढल्यावर उरलेला रेणू एकसंध राहतो ती टोकाची. मग पुन्हा शोधा. ॲमिग्डालिनमध्ये दोन ग्लुकोज साखळीत आहेत, बाहेरचा गेल्यावरच आतला टोकाला येतो. हे चक्र काहीच सापडेनासं होईपर्यंत चालवा. पेंटागॅलॉइलग्लुकोजमध्ये ग्लुकोज मधोमध आणि भोवती पाच गॅलिक आम्लं. तिथे "टोकाची" साखर कधीच येत नाही, आणि सक्तीने काढली तर पाच तुकडे होतात. अशा रेणूंना हात न लावता खूण करून ठेवणं शहाणपणाचं. सी-ग्लायकोसाइडचा बंध जलअपघटनाने तुटत नाही, म्हणून तोही आपणहून कापू नका.

कापल्यावर उरलेला तुकडा ५ जड अणूंपेक्षा लहान असेल, मेथिल ग्लुकोसाइडमधल्या मेथॅनॉलसारखा, तर त्याला गाभा म्हणू नका. सुक्रोजसारख्या निव्वळ साखरेच्या रेणूतून काहीच उरत नाही. हा रिकामा निकाल कोडने मुकाट स्वीकारला पाहिजे, कोसळायला नको.

हिशेब जुळतो का ते रेणुसूत्राने तपासा. प्रत्येक ग्लायकोसाइड बंध तुटताना एक पाण्याचा रेणू खर्च होतो, म्हणून सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे मूळ रेणू अधिक तितके पाण्याचे रेणू. वस्तुमानानेही हेच पाहता येतं. साखळीतल्या हेक्सोजचा वाटा १६२.०५२८, डीऑक्सिहेक्सोजचा १४६.०५७९, पेंटोजचा १३२.०४२३ आणि ग्लुकुरॉनिक आम्लाचा १७६.०३२१. रुटिनच्या ६१०.१५३४ मधून पहिले दोन वजा केले की ३०२.०४२७ उरतात, आणि ते नेमकं क्वेर्सेटिन. ही बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा ऑक्सिजन चुकीच्या बाजूला गेलेला असतो.

सरळ साखळीच्या साखरा

सॉर्बिटॉल, मॅनिटॉल किंवा अल्डिहाइडच्या रूपातलं ग्लुकोज शोधायला ४ ते ७ कार्बनांची रिंगबाहेरची साखळी घ्या, जिच्या जवळजवळ प्रत्येक कार्बनवर ऑक्सिजन आहे. इथे खोटे निकाल भरमसाट येतात. टार्टारिक आम्ल चार कार्बनांचं, चारही कार्बनांवर ऑक्सिजन, आणि तरी त्याला कोणी साखर म्हणत नाही. दोन्ही टोकांना कार्बॉक्सिल असेल तर वेगळी खूण करा, आणि साखळी मोठ्या रिंगचा भाग असेल तर सोडून द्या. ॲग्लायकोन काढण्याच्या कामात ही पायरी बंदच ठेवा.

चाचणी संच

मोठ्या संग्रहावर जाण्याआधी कोड या रेणूंवर चालवा. अपेक्षित उत्तर हाताने लिहून ठेवा आणि नियमाला हात लावला की दरवेळी पुन्हा चालवा:

— रुटिन: २ साखरा, गाभा क्वेर्सेटिन
— ॲमिग्डालिन: २, दोन फेऱ्यांत
— डिगॉक्सिन: ३ डिजिटॉक्सोज
— एरिथ्रोमायसिन: २. एकच आली तर नायट्रोजन मोजला जात नाहीये. मोठी लॅक्टोन रिंग साखर ठरता कामा नये
— ॲडेनोसिन आणि थायमिडिन: प्रत्येकी १, दुसरी फक्त खास नमुन्याने
— डॅपाग्लिफ्लोझिन: १, सी-ग्लायकोसाइड, न कापता
— अकार्बोज: ३ साखरा. चौथी रिंग ऑक्सिजनविरहित आणि दुहेरी बंधाची आहे, ती कार्बन-रिंगच्या रकान्यात
— बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन: ७, आणि स्माइल्समधला अणूंचा क्रम बदलूनही ७
— ॲम्फोटेरिसिन बी: १ आणि फक्त १
— पेंटागॅलॉइलग्लुकोज: १, टोकाची नाही
— कॅटेचिन, जीवनसत्त्व क, इनोसिटॉल: शून्य

निकाल साठवताना नुसतं "साखर आहे" किंवा "नाही" लिहू नका. कोणत्या नियमाने सापडली, रिंगच्या अणूंचे क्रमांक, गुणोत्तर, ॲनोमेरिक अणूचा क्रमांक आणि आरडीकिटची आवृत्ती, एवढं प्रत्येक रेणूबरोबर ठेवा. अणूंचे क्रमांक साफ केलेल्या स्माइल्सवरचे असतात, मूळ नोंदीतले नव्हे. म्हणून साफ केलेली ओळही त्याच तक्त्यात ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ते क्रमांक कोणत्याच रेणूला लागू पडणार नाहीत.